आठ फुटी रॉड, चार हजारी रील आणि तेरेखोलची खाडी

मासे धरायचा रॉड (काठी) आणि रील (दोरी गुंडाळायचं यंत्र), या जोडीचा हा रिव्ह्यू. तिला मी दिलेले तीन तारे खरे नाहीत. रॉडला साडेचार आणि रीलला दीड, अशी ती सरासरी आहे. दोन वस्तू एकाच खोक्यात विकल्या की तारेही एकत्रच द्यावे लागतात, त्याला माझा इलाज नाही. म्हणून खाली सगळं सुटं सुटं करून लिहितोय. वाचून झाल्यावर खोकं घ्यायचं की नुसती काठी, ते तुमचं तुम्ही ठरवा.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकतर मला भांडण नको. दुसरं म्हणजे आठ फुटी, दोन तुकड्यांची काठी आणि ४००० साइजचं स्पिनिंग रील ही जोडी चार-पाच कंपन्या विकतात, आणि झाकण उघडलं की आतली बरीच रीलं एकमेकांची सख्खी भावंडं निघतात. मी गेल्या सप्टेंबरात ४,३५० रुपयांना घेतली. घेतली म्हणजे भाच्याने मोबाईलवरून मागवली, पैसे मी दिले.

माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. पाण्याचे पंप, पंखे, मिक्सर, चक्की, जे जळेल ते माझ्याकडे येतं. सावंतवाडी तालुक्यात, खाडीपासून स्कूटरने अर्ध्या तासावर दुकान आहे. हे एवढ्यासाठी सांगितलं की बेअरिंग, ग्रीस, गंज या गोष्टींवर मी जे लिहिणार आहे ते यूट्यूब बघून लिहिलेलं नाही. मासे पकडण्यातलं मात्र मला फार कळतं असं समजू नका. लहानपणी हातगरी होती, म्हणजे काठीशिवाय नुसती दोरी आणि गळ, मग वीस-पंचवीस वर्षं काहीच नाही, आणि आता पोरं मोठी झाल्यावर रविवारचा वेळ खाडीवर जातो.

जागा सांगतो, कारण जागा कळल्याशिवाय कुठल्याही काठीचा रिव्ह्यू फुकट आहे. तेरेखोल नदी शेवटच्या टप्प्यात महाराष्ट्र आणि गोव्याची हद्द होऊन वाहते. अलीकडे आमचं आरोंदा, पलीकडे पेडणे तालुक्यातलं किरणपाणी. खाली मुखाशी पलीकडे केरीची वाळू आणि अलीकडे तेरेखोलचा किल्ला. आता गंमत अशी की किल्ला नदीच्या आमच्या बाजूला आहे, पण तो आणि त्याच्या पायथ्याचं गाव गोव्याचं. पोर्तुगीजांनी १७४६ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून तो घेतला आणि हद्द तिथे जी वाकली ती आजतागायत सरळ झाली नाही. म्हणजे मी आरोंद्याहून रस्त्याने, पाण्याचा एक थेंब न ओलांडता गोव्यात पोचतो आणि किल्ल्याखालच्या कातळावर उभा राहून गरी टाकतो. उलट आरोंद्याच्या काठावरून जिवाच्या आकांताने सत्तर मीटर फेकली तरी गरी महाराष्ट्रातच पडते, कारण पात्र तिथे चांगलंच रुंद आहे. फोन मात्र खुशाल पलीकडच्या टॉवरवर जातो.

पाणी निमखारं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा सुकती. पावसात वरून तांबडं गोडं पाणी लोटतं, मार्च-एप्रिलात खार बराच वर चढतो. तळ कुठे चिखल, कुठे वाळू, कुठे कातळ, आणि जेटीच्या खांबांना कालवं. वस्तूची जी काही परीक्षा व्हायची ती या सगळ्यात झाली. ऑक्टोबर ते एप्रिल मी २३ वेळा गेलो. दुकानाच्या जुन्या बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर तिथी, भरती, जागा आणि काय मिळालं ते लिहून ठेवलं. एकूण शेंगटी १४, तांबोशी ५, गोबरे ३ आणि चोणक १. बाकी खेकड्यांनी खाल्लेलं आमिष किती ते मोजलं नाही.

आधी काठी.

काठी चांगली आहे. अगदी मनापासून चांगली आहे. आठ फूट, दोन तुकडे, वर लिहिलेलं फेकायचं वजन १५ ते ४० ग्रॅम. सांधा नीट बसतो, फेकताना फिरत नाही. मी सांध्याला मेणबत्तीचं मेण चोळतो, त्यामुळे अडकतही नाही. दोरी जिच्यातून जाते त्या प्रत्येक कडीला आत सिरॅमिकची रिंग आहे. ती बघायची सोपी युक्ती म्हणजे कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून ओढायचा. कापसाचा धागा अडकला तर तिथे चरा आहे, आणि तो चरा तुमची दोरी कापणार. माझ्या आठही कड्यांतून बोळा साबणासारखा सरकला. सात महिन्यांनी परत ओढला, तेव्हाही सरकला.

आठ फूटच का, हा प्रश्न मला भाच्याने विचारला होता. त्याला सहा फुटी हवी होती, हातात छान दिसते म्हणून. बोटीत बसून सहा फुटी ठीक आहे. काठावरून मासे धरणाऱ्याला पुढे तिवरांची झुडपं असतात, ओहोटीला उघडा पडलेला चिखल असतो, खाली खडक असतात. दोरी या सगळ्याच्या वरून न्यावी लागते आणि मासा लागल्यावर याच सगळ्याच्या वरून आणावा लागतो. दहा फुटी घेतली असती तर अजून लांब गेली असती, पण आरोंद्याला मी ज्या जागी उभा राहतो तिथे मागे माड आहेत. पहिल्याच फेकीला गरी माडावर.

तक्रार एकच. सुकती जोरात असते तेव्हा ४० ग्रॅमचं शिसं तळाशी थांबत नाही, समुद्राकडे चालू लागतं. पुनवेच्या-अवसेच्या उधाणात पुलाजवळ साठ ग्रॅमशिवाय काम होत नाही. या काठीवर साठ लावून मी झोकात फेकत नाही, नुसतं झुलवून सोडतो, चाळीस-पन्नास मीटर जातं. काठीने सहन केलं, पण तिची तेवढी ताकद लिहिलेली नाही, त्यामुळे मोडली तर दोष तिचा नव्हे. भांगाच्या दिवसांत, सप्तमी-अष्टमीच्या आसपास, पाणी संथ असतं. तेव्हा तीसही पुरतं.

तिथीवरून आठवलं. भरतीसाठी मोबाईलवर बघणारे बघोत, मला आबांनी शिकवलेलं पुरतं. आबा म्हणजे आमच्या शेजारचे, वय सत्तरीच्या पुढे, सगळी हयात खाडीवर गेलेली. तिथीची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीचा तास अंदाजे निघतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत आत जावं तसा थोडा उशीर धरायचा. या हिशेबाने मी कधी पाऊण तासापेक्षा जास्त चुकलेलो नाही, आणि पंचांगाला रेंज लागत नाही.

काठी पहिल्या दिवशी बघून आबा म्हणाले, "ह्या कित्याक आणलंस? किती पैशे घातलंस?" मी तीन हजार सांगितले. खरा आकडा सांगायची छाती झाली नाही. ते म्हणाले, "मासो काठीक येणा नाय रे, गरीक येता." आणि त्यांनी डब्याला गुंडाळलेली दोरी सोडून, जिवंत सुंगट (कोळंबी) लावून, माझ्यापासून चार हातांवर तांबोशी काढली. मी तोवर खोक्यात आलेली दोरी कशी भरायची ते वाचत होतो.

आता त्या दोरीबद्दल. खोक्यात शंभर मीटर ब्रेडेड लाईन (बारीक धागे विणून केलेली दोरी, पुढे नुसतं ब्रेड म्हणतो) फुकट येते. रिळावर छापलंय ०.२५ मिमी, ३० पौंड. मी मायक्रोमीटर लावला, ०.३२ भरली. ब्रेड दाबली की चपटी होते, त्यामुळे मायक्रोमीटरचा आकडा काटेकोर नाही हे मान्य, पण इतका फरक चपटेपणाचा नसतो. मग गाठ मारून बादली टांगली आणि बादलीत जुन्या मोटरींचे पत्रे टाकत गेलो. सहा किलोच्या थोडं पुढे गाठीत तुटली. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो. गाठीने ताकद कमी होते, तरी निम्म्याहून कमी होऊ नये. फुकट आलेली दोरी पतंगाला द्या. मी नंतर २० पौंडाची वेगळी आणली. तिने फसवलं नाही.

आणि एक. ब्रेड सरळ स्पूलला, म्हणजे रीलवरच्या दोरी गुंडाळायच्या फिरकीला, बांधू नका. ती गुळगुळीत असते, सगळा गुंडाळा स्पूलवर गोल फिरतो आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा ठरावीक ताणावर दोरी सोडणारा ब्रेक) बिघडला. खाली दहा-बारा मीटर साधी नायलॉन भरा आणि तिला ब्रेड जोडा. पुढे गरीच्या बाजूला मीटर-दीड मीटर जाड लीडर (ब्रेड आणि गरी यांच्यामधला वेगळा दोरीचा तुकडा) हवाच, मी ४० पौंडाचा लावतो. ब्रेड ओढायला पोलादी असली तरी कालवांच्या धारेला शिवणाच्या दोऱ्यासारखी कापते, आणि चोणकाच्या गालफडाची कडही ब्लेडच असते. जोडायला मी डबल युनी गाठ मारतो. त्याहून बारीक, सुंदर गाठी आहेत, पण चिलटं चावत असताना अंधारात बांधता येते ती हीच.

आता रील. इथे जरा बसून घ्या.

खोक्यावर लिहिलंय: ९+१ बेअरिंग, ८ किलो ड्रॅग, ५.२ : १, आणि मागे उसळणाऱ्या लाटेचं चित्र. ५.२ : १ खरं आहे, मी दांडा एकदा फिरवून रोटरचे (दोरी स्पूलवर गुंडाळणाऱ्या फिरत्या भागाचे) फेरे मोजले. बाकीचं एकेक करून सांगतो.

ड्रॅग. दुकानात माल तोलायचा स्प्रिंगचा काटा आहे. दोरी त्याला बांधली, ड्रॅगचा चाक हाताने आवळता येईल तेवढा आवळला आणि ओढलं. साडेचार किलोला स्पूल सुटला. आठ कुठून आणले देव जाणे. तरी साडेचार मला पुष्कळ आहेत, कारण २० पौंडाची दोरी म्हणजे नऊ किलो, आणि ड्रॅग तिच्या साधारण पाव भागावर ठेवायचा असतो, म्हणजे सव्वादोन. खरी अडचण वेगळी आहे. सव्वादोनला लावून ओढलं की स्पूल आधी अडतो, काटा तीनच्या पुढे जातो, मग एकदम सुटून पावणेदोनवर येतो, परत अडतो. मासा पहिला हिसका मारतो तेव्हा हा अडखळा दोरी तोडतो किंवा गरी तोंडातून फाडून काढतो. उघडून बघितलं तर फेल्टच्या चकत्या ठणठणीत कोरड्या. ड्रॅगचं वेगळं ग्रीस मिळतं, त्याचा पातळ हात दिला तेव्हा अडखळा जवळजवळ गेला. दहा पैशांचं काम, कारखान्यात कुणी केलं नाही.

बेअरिंग. सगळं खोलल्यावर मोजली. सहा खरी, बाकीच्या जागी प्लॅस्टिकचे बुश. बुश वाईटच असतो असं नाही, पंख्यात-मिक्सरमध्ये बुशवर वर्षानुवर्षं काम चालतं. पण मग ९ लिहू नये. त्यातही खाडीत जिची सर्वांत जास्त गरज असते, म्हणजे दोरी जिच्यावरून वळते त्या लाइन-रोलरची, तिथे साधी, सील नसलेली इवलीशी बेअरिंग दिली आहे. ती पाचव्या फेरीनंतर किरकिरायला लागली आणि नवव्या फेरीला जाम झाली. रोलर फिरायचा थांबला की दोरी त्यावर घासत राहते आणि तिला पीळ भरतो. फेकल्यावर कडीवर गुंता येऊ लागला की बरेच जण दोरीला शिव्या देतात. आधी रोलर बोटाने फिरवून बघा.

आता ते प्रकरण, ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसलो.

डिसेंबरातली गोष्ट. किल्ल्याखाली कातळावर, सुकती संपून पाणी नुकतंच उलटत होतं. खाडीवर हीच वेळ खरी, थांबलेलं पाणी हलायला लागतं तेव्हाची. आमिषाला जिवंत बोय (छोटा मासा) लावली होती. दोरी आधी सैल झाली, मग बाजूला चालायला लागली. आबा मागून म्हणाले, "थांब, थांब, खाऊ दे." थांबलो. मग झटका दिला. काठी वाकली आणि त्याच क्षणी रीलचा दांडा उलटा गरगर फिरला. बोटांच्या पेरांवर असा बसला की डोळ्यांपुढे काजवे. पाण्याबाहेर एक रुंद, चंदेरी अंग आलं, डोकं हलवलं आणि गेलं. चोणक होता. किती किलोचा ते लिहीत नाही, सुटलेल्या माशाचं वजन दर आठवड्याला वाढतं. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्या हाताकडे बघितलं आणि आपल्या दोरीचा एक वेढा बोटाभोवती घेतला.

दांडा उलटा का फिरला ते त्याच रात्री दुकानात उघडून बघितलं. स्पिनिंग रीलमध्ये उलटं फिरणं रोखायला एक-दिशा क्लच असतो. त्यात बारीक रूळ असतात. सुलट फिरवलं की सैल, उलट फिरवलं की ते निमुळत्या खाचेत जाऊन आवळतात. धातू धातूला धरतो म्हणून हे चालतं. माझ्या रीलच्या क्लचमध्ये कारखान्यातूनच लोण्यासारखं ग्रीस भरलेलं होतं. ग्रीसवर रूळ घसरतात, धरत नाहीत. म्हणजे जिथे ग्रीस हवं होतं त्या ड्रॅगला नाही, आणि जिथे नको तिथे पोतंभर. क्लच पेट्रोलने धुतला, वाळवला, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दिला. त्यानंतर आजपर्यंत दांडा केसभरही मागे गेलेला नाही. तुम्ही हे रील घेतलंच असेल तर मासा जायची वाट बघू नका, आधी हे करा. मात्र धुताना आसपास विडी-सिगरेट नको, आणि क्लचच्या आवरणाचा स्क्रू काढताना खाली पांढरं फडकं अंथरा. रूळ उडाला तर सापडत नाही.

हे दोन्ही दोष हाताने सुधारता येणारे होते, म्हणून मी तोवर रीलवर रागावलो नव्हतो. तिसरा मात्र सुधारणारा नाही. फेब्रुवारीत दांडा फिरवताना आत खरखर यायला लागली. उघडलं तर मोठ्या गिअरवर पांढरी भुकटी. गिअर झिंकच्या मिश्रणाचा, पिनियन (त्याला लागून फिरणारा लहान गिअर) पितळेचा. वायरिंगची कामं करणाऱ्या कुणालाही विचारा, तांब्याची आणि ॲल्युमिनियमची तार नुसती पिळून जोडली की दोन पावसाळ्यांत सांधा पांढरा पडतो आणि जळतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये मिठाचं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली, आणि तिच्यात जास्त क्रियाशील धातू खाल्ला जातो. इथे झिंक खाल्ला गेला. खारं पाणी आत शिरू नये म्हणून दांड्याच्या भोकाशी किंवा रोटरखाली रबरी सील असतं, ते या रीलला कुठेच नाही. लाटेचं चित्र मात्र आहे.

म्हणून तक्रार केली. उत्तर आलं की खाऱ्या पाण्याने झालेली हानी वॉरंटीत बसत नाही. मी खोक्याच्या चित्राचा फोटो पाठवला. त्यावर उत्तर आलं की चित्र केवळ शोभेसाठी आहे. एवढं प्रामाणिक वाक्य त्या खोक्यावर छापलं असतं तर मी अर्धा तारा वाढवला असता.

धुण्याबद्दल. मी धूत नव्हतो असं कुणी म्हणेल, म्हणून सांगतो. घरी आल्यावर आधी ड्रॅग घट्ट आवळायचा, म्हणजे पाणी चकत्यांत जात नाही. मग झारीने, हलक्या धारेने गोडं पाणी ओतायचं. गाडी धुतो तसा जोराचा फवारा मारू नका, तो बाहेरचं मीठ आत ढकलतो. फडक्याने पुसून सावलीत उलटं ठेवायचं आणि वाळल्यावर ड्रॅग पुन्हा सैल सोडायचा, नाहीतर चकत्या दबून चिकटतात. २३ पैकी २३ वेळा हे केलं. एकदा रात्री साडेबाराला केलं, आमची ही झोपेतून उठून बघून गेली, काही बोलली नाही.

हेच रील तुम्ही गोड्या पाण्यात वापरणार असाल, तलावावर किंवा वर बांद्याच्याही पलीकडे जिथे खार पोचत नाही तिथे, तर क्लच धुऊन आणि ड्रॅगला ग्रीस देऊन ते बरीच वर्षं जाईल असं माझं मत आहे. दीड तारा खाडीसाठी आहे.

खोक्यासोबत एक कापडी पिशवी येते, तिची चेन तिसऱ्या दिवशी गेली. मी चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून, दोन्ही टोकांना झाकणं बसवून काठीसाठी नळा केला. उत्तम झाला, पण त्याचा एक तोटा लक्षात आला नव्हता. गोव्याकडून येताना, संध्याकाळी, स्कूटरला बांधलेला साडेचार फुटी झाकणबंद नळा बघून नाक्यावरच्या माणसाला काय वाटणार? बाजूला घेतलं. झाकण उघडून आत टॉर्च मारला. मग काठी बाहेर काढून नळा उलटा करून हलवला. त्यातून दोन जुनी शिसं आणि एक वाळलेलं सुंगट पडलं. "मासे कुठायत?" त्याने विचारलं. नाही मिळाले म्हटल्यावर त्याला माझं खोटं वाटलं की कीव आली ते कळलं नाही. आता नळ्याला झाकणाऐवजी एका बाजूला जाळी लावली आहे, दुरूनच काठी दिसते.

मार्चमध्ये रील बदललं. बाजारातून सुटं घेतलं, दांड्याला आणि रोटरला सील असलेलं, बेअरिंग चारच लिहिलेली आणि उघडल्यावर चारच निघालेली. ३,९०० रुपये पडले. काठी तीच ठेवली. तिच्यावर दुसऱ्याच आठवड्यात चोणक मिळाला, दोन किलो आठशे, आरोंद्याला तिवरांच्या कडेला, भरतीच्या पहिल्या तासात. ड्रॅग एकदाही अडखळला नाही. काठी शेवटच्या टप्प्यात अशी काही वाकली की मीच घाबरलो, पण ती मधोमध न तुटता टोकापासून मुठीपर्यंत ताण वाटून घेते, स्वस्त काठ्यांत हे फार कमी दिसतं. आबांनी मासा उलटापालटा करून बघितला. चोणक आधी नर असतात आणि मोठे झाले की मादी होतात, म्हणून सात-आठ किलोचा लागला तर तो सोडायचा असं ते म्हणतात. मला अजून सोडण्याजोगा लागलेला नाही.

शेंगटीबद्दल एक सूचना, रीलशी संबंध नाही तरी. चौदा शेंगट्यांपैकी एकीने मला काटा मारला. पाठीवरचा एक आणि कानाशेजारचे दोन, असे तीन काटे तिला असतात आणि विषारी असतात. गरी पक्कडीने काढा. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरा, ठणका उतरतो. मी हा उपाय दोन तास शिव्या देऊन झाल्यावर केला.

आता ज्यांनी विचारलंय त्यांच्यासाठी: काठी सुटी मिळते का? मिळते. मी चौकशी केली, त्याच विक्रेत्याकडे १,७५० ला आहे, फक्त शोधताना काँबो (काठी-रीलची जोडी) आधी दिसतो आणि सुटी काठी खाली कुठेतरी. सुटी काठी आणि सुटं रील मिळून साडेपाच-पावणेसहा हजार होतात. काँबोपेक्षा तेराशे-चौदाशे जास्त. मला मात्र दोन्ही मिळून सव्वाआठ हजार पडले, कारण मी आधी काँबो घेतला.

सध्या पाऊस सुरू व्हायच्या बेतात आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत दोन्ही राज्यांत यांत्रिक नौकांची समुद्रातली मासेमारी बंद असते. आमच्यासारखे काठावरचे तेव्हाही दिसतात, पण मी जात नाही, कातळ शेवाळून साबण होतो. काठी नळ्यात आहे. जुन्या रीलचा गिअर भंगारात टाकला, दांडा भाच्याने कशाला तरी नेला. ॲल्युमिनियमचा स्पूल तेवढा चांगला होता. त्यावर मी छत्तीस गेजची तांब्याची तार भरून दुकानाच्या टेबलावर बसवला आहे, बारीक कॉइल भरताना छान सुटते.